रूळ बदलतांना

आमच्या घरांतला संगणक वयानें फार मोठा नाहीं. २०१६ सालच्या दसऱ्याला तो आला. इतवारींतल्या ज्या घरांत कपाटें तीन पिढ्यांचीं आणि जिना चार पिढ्यांचा, तेथें नऊ वर्षांची वस्तु म्हणजे अद्याप रांगणारें मूलच. परंतु २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर या मुलाला म्हातारपण आल्याची सूचना त्याच्याच पडद्यावर झळकली. १४ ऑक्टोबरनंतर विंडोज १० या कार्यप्रणालीला सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नाहीं, असें तींत नम्रपणें लिहिलें होतें; आणि आमचा संगणक विंडोज ११ ला पात्र नाहीं, हेंही तितक्याच नम्रपणें.

नम्र नोटीस नेहमींच अधिक भीतिदायक असते. घरमालक ओरडत आला तर त्याच्याशीं भांडतां येतें. तो ‘बसा, चहा घ्या’ म्हणूं लागला, कीं बिऱ्हाड हलविण्याची तयारी करावी.

संगणक बंद पडणार नव्हता. दारें-खिडक्या जशाच्या तशा राहणार होत्या. मात्र कुलपें दुरुस्त करणारा माणूस यापुढें फिरकणार नव्हता. सराफ्याच्या शेजारीं ज्याचा जन्म गेला, त्याला कुलपाचें महत्त्व समजावून सांगावें लागत नाहीं.

घरांत लगेच तीन पक्ष झाले. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, नवाच घेऊन टाका. पैसे मी पाठवतों.” त्याच्या म्हणण्याला आधार होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो बहुतेक आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा असावा लागतो. आमचा सहाव्या पिढीचा. सौभाग्यवतींचा पक्ष स्थितिवादी. “अहो, चालतंय तें चालूं द्या कीं,” एवढाच त्यांचा जाहीरनामा. घरगुती संगणकांसाठीं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत जाहीर झाली होती, तिच्यावर तो उभा होता. तिसरा पक्ष पुतण्याचा. तो म्हणाला, “काका, मशीन ठणठणीत आहे. काहून भंगारांत देतां? लिनक्स टाकूं.”

लिनक्सचें नांव मीं ऐकलें होतें. पण शेजारच्या गल्लींतल्या, कधीं न बोललेल्या माणसाचें ऐकावें तितकेंच. लिनस टॉरव्हल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, तिचा आरंभ केला; आणि तिची घडण उघडी ठेवल्यामुळें जगभरच्या हजारों लोकांनीं ती वाढविली. केरळांतल्या शाळांतून मुलें तिच्यावरच शिकतात. पैसे पडत नाहींत. माझ्यासारख्या माणसाला यांतलें शेवटचें वाक्यच संशयास्पद वाटतें. इतवारींत फुकट मिळते ती फक्त सल्लामसलत.

पुतण्यानें वाद घातला नाहीं. त्यानें एक पेनड्राइव्ह आणला आणि संगणकाच्या पोटांतलें कांहींही न हलवितां त्यावरूनच लिनक्स सुरू करून दाखविली. बँकेचें काम झालें, मुलाशीं समोरासमोर बोलणें झालें, सौभाग्यवतींचीं भजनेंही वाजलीं. स्थितिवादी पक्षांत फूट पडण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं. मग मीं सहज वडिलांची फाईल उघडली.

पडद्यावर मराठीचें एकही अक्षर नव्हतें. ओळींच्या ओळी रोमन अक्षरांच्या. मध्येंच एखादें उद्गारचिन्ह, एखादा कंस. कोणीं तरी डोळे मिटून कळफलकावर मूठ आपटावी तसें.

वडील आपल्या शेवटच्या चार वर्षांत या संगणकावर बसून इतवारीच्या आठवणी लिहीत असत. धान्याचे दलाल, हमालांचीं गाणीं, तान्ह्या पोळ्याच्या दिवशीं निघणारी काळी नि पिवळी मारबत, अशीं एकशें त्रेचाळीस पानें. तीं त्यांनीं एका जुन्या मराठी टंकांत लिहिलीं. हे जुने टंक एक युक्ति करीत: संगणकाच्या स्मरणांत रोमन अक्षरेंच ठेवीत आणि पडद्यावर त्यांच्या जागीं देवनागरी आकार काढून दाखवीत. अंगावर मराठी, पोटांत रोमन. त्यांतही प्रत्येक टंकाची मांडणी निराळी. १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या संकेतपद्धतींत ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो कोणत्याही यंत्रावर ‘क’च राहतो, वडिलांच्या ‘क’ला असें स्वतःचें घर नव्हतें, तो भाड्याच्या खोलींत राहत होता.

“काका, घाबरूं नका,” म्हणून पुतण्यानें तो टंक लिनक्सवर आणून बसविला, आणि पानें पुन्हां मराठी दिसूं लागलीं. पण जें पाहिलें तें मला विसरतां येईना. माझ्या वडिलांची वाणी एका लहानशा टंकावर टांगलेली होती. तो हरवला, कीं संपलें.

हा प्रसंग घराला नवा नव्हता. माळ्यावरच्या पेटींत आजोबांच्या दुकानाच्या वह्या आहेत, त्या मोडींत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहाराची मराठी मोडींतून लिहिली जाई. पुढें बाळबोध राहिली आणि मोडी गेली. बदल सोयीचा होता, त्याविषयीं तक्रार नाहीं. चूक एवढीच कीं वाचणारा माणूस घरांत जिवंत असतां त्याच्यापाशीं बसून कोणीं त्या वह्या उतरून घेतल्या नाहींत. २०१४ सालीं युनिकोडनें मोडीलाही जागा दिली. तोंपर्यंत आजोबांना जाऊन पन्नास वर्षें होत आलीं होतीं. आम्ही दर लक्ष्मीपूजनाला त्या वह्यांना हळदकुंकू वाहतों. वाचतां येत नाहीं, म्हणून पूजा करतों.

इतवारीच्या स्टेशनावरून २०१९ पर्यंत नागभीडची छोटी गाडी सुटे. तिच्या दोन रुळांत अंतर अडीच फूट. मोठ्या गाडीच्या रुळांत साडेपांच फूट. छोटीचा डबा मोठ्या रुळांवर चढत नाहीं. म्हणून जेथें असे दोन मार्ग भेटतात, तेथें माल एका गाडींतून काढून दुसरींत भरावा लागतो. तें काम कंटाळवाणें खरें. पण डबा सोडावा लागला तरी पोतें सोडावें लागत नाहीं. तीन पक्षांच्या भांडणांत आम्ही सगळे गाडी कोणती चांगली एवढेंच बोलत होतों. माल काय आहे, हें कोणींच विचारलें नव्हतें.

मग कार्यप्रणालीचा प्रश्न मीं बाजूला ठेवला आणि आधीं माल हलविण्यास घेतला. जुन्या टंकाचें युनिकोडमध्यें रूपांतर करणारी साधनें मिळतात. तीं नव्वद हिस्से काम करतात आणि उरलेल्या दहांत माणसाची परीक्षा पाहतात. ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर बसे, रफार उडून ‘कर्ता’चा ‘कता’ होई, जोडाक्षरें सुटीं पडत. म्हणून जुन्या फाईलीवरून सगळीं पानें एकदां छापून घेतलीं. रोज रात्रीं जेवणानंतर सौभाग्यवती छापील पानावरून मोठ्यानें वाचीत आणि मी पडद्यावर दुरुस्ती करीं.

खरें सांगावयाचें तर तीं पानें मीं त्यापूर्वीं कधीं वाचलींच नव्हतीं. आहेत, जपलीं आहेत, एवढें समाधान पुरत असे. सत्तराव्या पानावर सौभाग्यवती वाचतां वाचतां थांबल्या. माझ्या कॉलेजच्या फीसाठीं आईच्या पाटल्या सराफ्यांत गहाण पडल्या होत्या आणि त्या सोडवितां आल्या नाहींत, असें तेथें लिहिलें होतें. कोणीं विचारलें तर आई म्हणे, “मला त्या जड होतात.” तें वाक्य मीं तिच्या तोंडून कितीदां तरी ऐकलें होतें, आणि खरें मानलें होतें.

त्या रात्रीं पुढें काम झालें नाहीं.

एकशें त्रेचाळिसावें पान जानेवारींत संपलें. दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें लिनक्स बसविली. तीच सर्वांनीं घ्यावी, असें माझें म्हणणें नाहीं. पुतण्याच्या स्वतःच्या दुकानाचा हिशेब विंडोजवरच चालतो, म्हणून त्यानें तेथें नवें यंत्र घेतलें, आणि तें योग्यच केलें. आमच्या गरजा थोड्या होत्या आणि जुना संगणक धडधाकट होता, एवढेंच. पण मला विचारणाऱ्याला मी एक प्रश्न आधीं विचारीन: तुमच्या यंत्रांत असें काय आहे, जें दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर उघडणार नाहीं? तें प्रथम बाहेर काढा. मग कोणत्याही गाडींत बसा.

आतां माळ्यावरची पेटी खालीं आली आहे. संध्याकाळीं मोडीचें एक प्राथमिक पुस्तक घेऊन मी आजोबांच्या वहीसमोर बसतों. अक्षरें एकमेकांचा हात सोडावयास तयार नसतात. तीन आठवड्यांनीं परवां पहिला शब्द लागला.

‘बाकी.’