काप्पाच्या डोहाकाठी

शिन-हानामाकीला बुलेट ट्रेन सोडून कामाइशी मार्गावरच्या छोट्या गाडीत बसलं, की डोंगर जवळ येऊ लागतात. इवाते प्रांतातलं तोनो गाव त्या डोंगरांच्या मधोमध आहे. स्टेशनसमोरची पोलीस चौकीसुद्धा काप्पाच्या तोंडाची: गोल डोळे आणि पुढे आलेली चोच.

काप्पा म्हणजे नदीत राहणारा, लहान मुलाएवढा जीव. त्याच्या टाळूवर खोलगट बशी असते. तिच्यातलं पाणी सांडलं की त्याचं बळ सरलं. म्हणून तो भेटलाच तर कमरेत वाकून नमस्कार करावा. काप्पा रीतभात पाळणारा, तोही वाकतो आणि पाणी सांडतं! काकडी त्याच्या विशेष आवडीची. सुशीच्या दुकानात काकडी घातलेल्या गुंडाळीला 'काप्पा-माकी' म्हणतात, ते याच्यामुळे. कपाळावर सरळ कापलेल्या केसांना 'ओकाप्पा' म्हणतात, तेही याच्याच केसांवरून.

जोकेंजी मंदिराच्या राखणदार कुत्र्यांच्या डोक्यावरही तशीच बशी कोरलेली आहे. मंदिराला आग लागली तेव्हा काप्पाने ती विझवली, अशी आख्यायिका आहे. मंदिरामागे झाडांच्या दाट सावलीतून ओढा वाहतो. हाच काप्पाबुची, काप्पाचा डोह. काठावर बांबूचे गळ रोवलेले आणि दोरीला काकड्या. पर्यटन कचेरीत काप्पा पकडायचा रीतसर परवाना मिळतो. त्याच्या अटी मला फार आवडल्या: काप्पाला इजा करायची नाही, बशीतलं पाणी सांडू द्यायचं नाही.

पण काठावरच्या छोट्या देवळीशी मी बराच वेळ थांबले. आत कापडाचे शिवलेले लाल स्तन वाहिलेले होते. अंगावर दूध यावं म्हणून बाया काप्पाला असं साकडं घालतात. आणि याच तोनोच्या जुन्या गोष्टींत काप्पापासून झालेली मुलं जन्मतःच तुकडे करून पुरल्याचं येतं. थंडी आणि दुष्काळाने पिचलेल्या या मुलखात नको असलेल्या बाळांचं काय होत असेल, याची सावली काही अभ्यासकांना त्या गोष्टींत दिसते. मलाही दिसली, आणि त्या लाल कापडावरून नजर हलेना.

या गोष्टी जगाला कळल्या त्या तोनोच्याच सासाकी किझेन या तरुणामुळे. त्याने टोकियोत यानागिता कुनिओंना त्या सांगितल्या आणि 1910 मध्ये यानागितांनी 'तोनो मोनोगातारी' छापलं. 119 लहान-लहान नोंदी, पहिल्या आवृत्तीच्या प्रती फक्त 350. जपानी लोकसाहित्याच्या अभ्यासाचा पाया म्हणून आज या पुस्तकाकडे पाहतात.

काप्पावर आज कोण विश्वास ठेवतं? मी विचारलं ते सगळे हसले. पण बोलण्यातून तो गेलेला नाही. आपण 'पट्टीचा पोहणाराही बुडतो' म्हणतो, तिथे जपानी माणूस 'काप्पा नो कावा-नागारे' म्हणतो: काप्पासुद्धा नदीत वाहून जातो. गर्वाने फुगलेला माणूस 'तेंगू झाला', कारण तेंगू हा डोंगरातला लांब नाकाचा जीव. पोरांच्या पकडापकडीत ज्याच्यावर राज्य, तो 'ओनी', म्हणजे शिंगांचा राक्षस. श्रद्धा विरली तरी ही मंडळी भाषेत मुक्काम ठोकून आहेत, आणि मला तर हाच त्यांचा खरा अधिवास वाटतो.

परतीच्या वाटेवर लख्ख उन्हात पाऊस आला. आडोशाला उभी असलेली एक आजी म्हणाली, "कित्सुने नो योमेइरी." कोल्हीण नवरी होऊन सासरी निघाली! मी तिला म्हटलं, आजी, आमच्याकडेही अशा पावसात कोल्ह्याचंच लग्न लागतं. तिला इतका आनंद झाला की तिने माझा हात धरला आणि पाऊस थांबेपर्यंत भारतातले कोल्हे कसे असतात ते विचारत राहिली.

मुक्कामाच्या घरमालकीणबाईंचे यजमान मोरिओकाला गेले होते. बाईंनी मैत्रिणींना चहाला बोलावलं आणि मला सांगितलं, "ओनी घरी नाही तोवर धुणं उरकून घ्यायचं!" ही जपानी म्हणच आहे; धुणं म्हणजे इथे जीव हलका करून घेणं. सगळ्याजणी खळखळून हसल्या.

निघताना मी म्हटलं, पुढच्या वर्षी हिवाळ्यात येईन, शेगडीपाशी बसून गोष्टी ऐकायला.

"पुढच्या वर्षाचं बोललं की ओनी हसतो," घरमालकीणबाई म्हणाल्या. उद्याचं कुणाला ठाऊक, अशा अर्थाची ही आणखी एक म्हण. आणि त्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून तारखा बघू लागल्या.