टीचरांचं देणं

मरोळ गावठाणात धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्या त्या बाईंना लहानथोर सगळे टीचरच म्हणत. फाशीविषयी मी आज जे मानते, ते त्यांच्याकडून आलेलं आहे. त्याआधी चारचौघांचं मत तेच माझं मत होतं: खुन्याला फाशीच हवी. रविवारच्या मिस्सेचा या मताशी काही संबंध असू शकतो, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली. काही दिवसांनी टीचर मला बोरिवलीच्या एका घरी घेऊन गेल्या. मुलगा गमावलेली आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "त्यांना लटकवा." टीचर तिचा हात धरून बसून राहिल्या. क्षमा हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. परतताना मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "तिला शिकवायला आपण कोण गं? तिच्याजवळ बसायचं, एवढंच आपलं काम." फाशीला विरोध करणाऱ्यांना मेलेल्यांची कदर नसते, हा माझा समज त्या घरात गळून पडला.

मग त्या मला वाचायला देऊ लागल्या. अवघड भाग त्यांनी कधी लपवला नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाला सांगितलेला रक्ताबदली रक्ताचा नियम आहे. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौलाने राज्यकर्त्याच्या हातातली तलवार मान्य केली आहे, आणि कित्येक प्रोटेस्टंट मंडळ्या आजही याच वचनांच्या आधारे फाशीचं समर्थन करतात. आम्हा कॅथलिकांचा इतिहासही स्वच्छ नाही. पोपच्या स्वतःच्या राज्यात बुगात्ती नावाच्या जल्लादाने १७९६ ते १८६४ या काळात पाचशेहून अधिक जणांना देहदंड दिला. हे ऐकून मी हादरले होते. टीचर म्हणाल्या, "आधी हे माहीत असू दे. मग बोल."

त्यांचा सगळा भर मात्र काईनवर असे. सख्ख्या भावाला मारणाऱ्या काईनवर देवाने खूण केली, ती त्याला कोणी मारू नये म्हणून. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण कथेत देव खुन्याचं रक्षण करतो आहे, हे त्यांनी दाखवीपर्यंत मला दिसलं नव्हतं. संत ऑगस्टीनचं पत्रही त्यांनीच दिलं. इसवी सन ४१२ च्या सुमारास त्याच्या पंथाच्या एका धर्मगुरूचा खून झाला आणि आरोपींनी गुन्हा कबूल केला. तरीही ऑगस्टीनने मार्सेलिनस या अधिकाऱ्याला विनवलं, की यांना मारू नका, काही उपयोगी कामाला लावा.

२१ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईवरच्या हल्ल्यातल्या कसाबला येरवड्यात फाशी झाली. त्या संध्याकाळच्या रोझरीत टीचरांनी पहिलं नाव घेतलं त्याला पकडताना मारले गेलेल्या तुकाराम ओंबळे यांचं, आणि शेवटचं कसाबचं. दोन-तीन जण उठून गेले. मीही अस्वस्थ झाले, पण बसून राहिले. घरी जाताना त्या सिस्टर राणी मारियांविषयी बोलल्या. १९९५ मध्ये इंदूरजवळ समंदर सिंगने त्यांना भर बसमध्ये भोसकून मारलं. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. तो निर्दोष असेल अशी शंका तिथे कुणालाच नव्हती, यावर टीचर थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

२ ऑगस्ट २०१८ ला पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिझम बदलून देहदंड कोणत्याही परिस्थितीत अमान्य ठरवला. टीचर तेव्हा आजारी होत्या. मी बातमी वाचून दाखवली, तर त्यांनी आधी त्या बोरिवलीच्या आईची चौकशी केली. पुढच्या वर्षी त्या गेल्या.

कांजूरमार्गला एका तरुण अभियंता मुलीचा मृतदेह सापडला होता. त्या प्रकरणात फाशीची शिक्षा सुनावलेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२५ ला निर्दोष सोडलं. २१ जुलैला उच्च न्यायालयाने लोकल स्फोटांतल्या बाराही आरोपींना सोडलं. त्यांतल्या पाच जणांना खालच्या न्यायालयाने २०१५ मध्ये फाशी सुनावली होती. या निकालाविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. गावठाणातली माणसं मला म्हणू लागली, टीचरांचंच खरं निघालं.

मला ते पटत नाही. निरपराध माणूस फासावर जाऊ नये, हे कोणीही मान्य करील. टीचरांनी मागितलं होतं ते याहून जड होतं आणि त्यांनी ते दोषी माणसासाठी मागितलं होतं. आता तरुणांचा वर्ग माझ्याकडे आहे. "तुमच्या मुलीला कोणी मारलं असतं तर?" हा प्रश्न तिथे दरवर्षी येतो. मी सांगते, त्या दिवशी मीही कदाचित फाशीच मागेन, आणि म्हणूनच तो निर्णय माझ्या हाती नसावा. मग ऑगस्टीनचं पत्र काढते. सुटलेल्या माणसांचे निकाल त्यानंतर.