नऊ इंची भिंत

आमच्या वाङ्मय मंडळात मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "आयटीआय केलंस आणि मग मराठी घेऊन बी.ए.ला कशी आलीस?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो: तिथं नेमकं शिकवतात तरी काय? आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी होत आले. अंकाच्या निमित्तानं जरा सविस्तर सांगते.

माझा ट्रेड ड्राफ्ट्समन सिव्हिल. दहावीला गणित-विज्ञान असलं की प्रवेश मिळतो, मुदत दोन वर्षांची. मी पीयूसी करून गेले, म्हणून वर्गात सगळ्यांची अक्का झाले. आयटीआय ज्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालतं ती १९५० सालची, आणि नंतर शिकाऊ म्हणून काम करायचं त्याचा कायदा १९६१ चा. एवढी जुनी व्यवस्था. पण आमच्या गल्लीत अजून कुणी आयटीआयला गेलं की "दुसरीकडं कुठं मिळालं नाही वाटतं" असंच म्हणतात.

हे शिकून माणूस इंजिनिअर होत नाही आणि गवंडीही होत नाही. तो मधला होतो. नकाशातलं माप जमिनीवर उतरवायचं, आणि जमिनीवर प्रत्यक्षात जे झालं ते मोजून कागदावर चढवायचं, ही त्याची दोन कामं. त्याला कुठं टेक्निकल असिस्टंट म्हणतात, कुठं साइट असिस्टंट. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेत 'स्थापत्य अभियांत्रिकी सहायक' असं भारदस्त नाव आहे. आमच्या साइटवर मला 'टेपवाली' म्हणायचे.

बेळगावात इंजिनिअरिंगचं वजन मोठं. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथंच आहे. १५ सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या वाढदिवशी, अभियंता दिन होतो, फोटोला हार घालतात, भाषणं होतात. माझ्या घरात मात्र त्या दिवशीही आप्पा नेहमीसारखे सकाळी डबा घेऊन बाहेर पडलेले असायचे. आप्पा गवंडी. तीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधतात.

पहिल्या वर्षी आम्हाला संगणकाला हात लावू दिला नाही. पेन्सिल, टी-स्क्वेअर आणि अक्षरं. सरळ उभी, एकसारख्या उंचीची अक्षरं पानंच्या पानं काढायची. मला वाटायचं, हे काय बालवाडीतलं काम! नंतर कळलं. नकाशातला ३ जर साइटवर ८ वाचला गेला, तर तिथं ३ च्या जागी ८ च बांधला जाणार. नकाशा वाचणारा माणूस विचारायला तुमच्या घरी येत नाही.

मग प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन. प्लॅन म्हणजे वरून दिसणारं घर, असं मी धरून चालले होते. सरांनी सांगितलं, वरून तर छप्पर दिसतं. खिडकीच्या उंचीवर घर आडवं कापायचं, वरचा भाग बाजूला ठेवायचा आणि मग खाली बघायचं. सेक्शनमध्ये तेच उभं कापायचं. घर असं कापून बघायची सवय लागली की कुणाच्या घरी चहाला गेलं तरी नजर भिंतीच्या जाडीकडं जाते.

भिंतीच्या जाडीवरूनच आप्पांची आणि माझी पहिली चर्चा झाली. माझ्या शीटवर बाहेरची भिंत २३० मिलिमीटर लिहिलेली. आप्पांनी विचारलं, "म्हणजे किती गं?" मी म्हटलं, नऊ इंची. त्यांनी टेप काढला, एका बाजूचे इंच आणि दुसऱ्या बाजूचे मिलिमीटर जुळवून बघितले आणि म्हणाले, "नऊ इंचाला हे अर्धा सूत जास्त आहे की." बरोबर होतं. नऊ इंच म्हणजे २२८.६. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरच्या थोडं वर. आप्पांची सगळी दुनिया सुतात चालते. १० मिलिमीटरची सळी त्यांच्या लेखी तीन सूत, १२ ची चार सूत, १६ ची पाच सूत. काटकोन काढायचा तर दोरीवर तीन, चार आणि पाच फूट मोजून खुंट्या मारतात. शाळा चौथीपर्यंत.

त्या दिवसापासून माझा अभ्यास दोन भाषांत चालला. खरं तर चार भाषांत. पुस्तक इंग्रजी, सर समजावणार कन्नडमध्ये, सळ्या बांधणारे उत्तरेकडचे म्हणून त्यांच्याशी हिंदी, आणि डोक्यात विचार मराठीत. आपण ज्याला गवंडी म्हणतो त्याला इकडं कन्नडमध्ये गौंडी म्हणतात. शब्द एकच, तोंड वेगळं. वाळूला उसुकु, पाण्याला नीरु. ओळंबा, गुण्या, करणी, थापी, रंधा हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण एकाही पुस्तकात पाहिले नव्हते. परीक्षेत ओळंब्याला 'प्लंब बॉब' लिहिलं तरच मार्क. मराठीला का आले, याच्या उत्तराचा एक तुकडा इथं आहे. आप्पांचे शब्द कुठंतरी नीट लिहून ठेवावेत, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या वर्षी लेव्हलिंग आलं. तिपाईवर यंत्र, समोर मापपट्टी धरून उभी असलेली मैत्रीण, आणि हातात फील्ड बुक. उंची माहीत असलेल्या खुणेपासून सुरुवात करायची आणि एकेका जागेची उंची काढत जायचं. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती मी लहानपणापासून वाचत होते. ती कशी निघते हे तेव्हा समजलं. शेवटी एक ताळा असतो. मागच्या वाचनांची बेरीज वजा पुढच्या वाचनांची बेरीज ही शेवटची उंची वजा पहिली उंची याच्याएवढी आलीच पाहिजे. आणि आमच्या सरांचा नियम असा की फील्ड बुकात खोडरबर वापरायचा नाही. आकडा बदलायचा तर जुन्यावर एक रेघ मारायची, खालचा आकडा दिसला पाहिजे, वर नवा लिहायचा. "दिसलं ते लिहायचं, पाहिजे ते लिहायचं नाही," हे सर दर आठवड्याला सांगायचे. आम्ही हसायचो.

साइटवर गेल्यावर हसू थांबलं. शिकाऊ म्हणून एका चार मजली इमारतीच्या कामावर मी एक वर्ष होते. काम असं: कॉलम ओळंब्यात आहे का बघायचं. स्लॅबच्या सळ्यांखाली २० मिलिमीटरचे आणि कॉलमला ४० चे कव्हर ब्लॉक आहेत का बघायचं. सळ्या मोजायच्या, व्यासाचा वर्ग भागिले १६२ करून मीटरचं वजन काढायचं आणि आलेल्या मालाशी ताडून बघायचं. सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब. घातलेल्या काँक्रीटवर रोज पाणी मारलं जातंय का त्याची नोंद. काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून ठेवायचे, ते सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दाबून तपासतात. एम-२० म्हणतात त्यातल्या २० चा अर्थ त्या अठ्ठाविसाव्या दिवसाशी बांधलेला असतो.

अभ्यासक्रमात हे सगळं होतं. चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला "मामा, हे परत करायला लागतंय" कसं म्हणायचं, हे नव्हतं. साइटवर बायकांसाठी संडास नसेल तर दिवस कसा काढायचा, हेही नव्हतं.

दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबचा दिवस. मिक्सर चालू. काँक्रीट पातळ असलं की ओतायला, पसरायला सोपं, माणसं कमी लागतात, म्हणून पाण्याचा पाइप मिक्सरच्या तोंडात जरा जास्त वेळ राहतो. पण पाणी वाढलं की काँक्रीटची ताकद कमी होते. त्यासाठीच स्लंप बघतात. ३०० मिलिमीटर उंचीच्या लोखंडी शंकूत थराथरानं काँक्रीट भरायचं, दर थराला सळीनं २५ ठोके, मग शंकू सरळ वर उचलायचा आणि ढीग किती खचला ते मोजायचं. आमच्या कागदावर ७५ ते १०० लिहिलेलं. मी मोजलं, १६० भरलं. परत केलं, तेवढंच. सुपरवायझर शेजारी येऊन म्हणाला, "९० लिही आणि चल."

मी १६० लिहिलं. शेजारी वेळ लिहिली. माझा हात थरथरत होता, ते अक्षरात दिसतंय. रजिस्टर इंजिनिअरकडं गेलं, ते स्वतः वर आले, मिक्सर थांबला. तो माल स्लॅबवर गेला नाही, मागं अंगणाच्या फरशीखाली टाकला. नंतरचं काँक्रीट मोजलेल्या पाण्यात झालं. सगळं मिळून पाऊण तास गेला.

त्या पाऊण तासात वीस-पंचवीस माणसं माझ्याकडं बघत बसली होती. त्या गँगचा मुख्य मेस्त्री आप्पांच्या ओळखीचा. मी लहान असताना आमच्या घरी जेवून गेलेला. तो एवढंच म्हणाला, "तुझा बापपण गवंडीच आहे, विसरू नको." पुढचे दोन महिने त्याच्याकडून आप्पांना कामाला बोलावणं आलं नाही. आमच्या घरात दोन महिने म्हणजे काय, ते गवंड्याच्या, हमालाच्या, रोजंदारीच्या घरातल्या वाचकांना सांगायला नको.

आप्पांना कुणीतरी सगळं सांगितलं होतंच. आई बडबडली, "तुला काय पडलं होतं?" आप्पा काही बोलले नाहीत. आठ-दहा दिवसांनी रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "किती खचलं म्हणालीस?" मी म्हटलं, १६०. त्यांनी बोटांनी ताटात उंची दाखवली, "एवढं?" मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "थापीनं ओढलं की मला कळतं पाणी जास्त झालं ते. तीस वर्षं कळतंय. सांगितलं की म्हणायचे, तू तुझं काम कर. मला सांगता येत होतं गं. लिहायची वही माझ्याकडं नव्हती."

त्या वाक्यानंतर मला माझं शिक्षण कळलं. मी आप्पांपेक्षा जास्त जाणते असं नाही. काँक्रीट पातळ आहे हे मिक्सरपाशी उभ्या असलेल्या प्रत्येक गवंड्याला दिसत होतं. शंकूनं नवं काही सांगितलं नाही. त्यांना दिसलेलं त्यानं आकड्यात आणलं, आणि आकड्याला रजिस्टरात जागा होती, खाली सही होती. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेल्याला कुणालातरी उत्तर द्यावं लागतं. साइटवरच्या या सगळ्यांत खालच्या पदाचं मोल तेवढंच आहे, आणि ते कमी नाही. त्या स्लॅबवर आज कुणाचीतरी मुलं झोपतात.

म्हणून मला या प्रशिक्षणाबद्दल दोन गोष्टी म्हणायच्या आहेत. एक, आम्हाला शिकवायला इंजिनिअर होते, तसा आठवड्यातून एक दिवस अनुभवी गवंडी पाहिजे होता. ओळंबा कसा धरायचा, हे आप्पांनी मला घराच्या मागं दहा मिनिटांत शिकवलं. दुसरी, कागद दोन्ही बाजूंना मिळाला पाहिजे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून काम येणाऱ्या माणसाची चाचणी घेऊन दाखला द्यायची सोय आहे. मी आप्पांना सांगितलं, तर म्हणाले, "ह्या वयात परीक्षा? माझ्या भिंती बघा म्हणावं." त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. पण दाखल्याविना त्यांचा शब्द मिक्सरपाशीच राहतो, हेही खरं.

तुमच्या घरी कुणी दहावीनंतर या ट्रेडचा विचार करत असेल तर सांगा: गणित फार अवघड नाही, ऊन अवघड आहे. आयटीआय झालं की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, माझ्या वर्गातले काही जण गेले. मी इकडं आले, कारण मला लिहायचं शिकायचं होतं आणि सुरुवात त्या फील्ड बुकात झाली होती. सध्या मी आप्पांचे शब्द गोळा करते आहे, १४० झालेत. मंडळातल्या ज्यांच्या घरी सुतार, लोहार, गवंडी आहेत त्यांनी आपले शब्द आणून द्यावेत.

आप्पांना नंतर दुसऱ्या मेस्त्रीकडं काम मिळालं. हल्ली त्यांच्या खिशात दोरा बांधलेली एक छोटी वही असते. तारीख, पोती, आणि कधी कधी पुढं वाकड्या अक्षरात दोन शब्द: "पाणी जास्त."