इकडील सर्व कुशल

या वार्षिकाच्या मराठी विभागासाठीं कांहीं लिहून द्यावें अशी आज्ञा झाली, तेव्हां विषयाच्या शोधांत आम्हांस फार हिंडावें लागलें नाहीं. सातवीच्या निबंधांच्या वह्या टेबलावर पडल्याच होत्या. विषय नेहमींचा, ‘माझे वडील’. कोणी वडिलांच्या ट्रॅक्टरचें वर्णन केलें होतें, कोणी साखर कारखान्याच्या हंगामाचें. एका मुलीच्या वहींत मात्र तीनच वाक्यें होतीं. ‘माझे वडील सैन्यांत आहेत. ते सुटीवर येतात तेव्हां घरांत सगळे हळू बोलतात. मला त्यांच्याविषयीं जास्त माहिती नाहीं.’ गुण देण्यासाठीं उचललेली लाल पेन्सिल आम्हीं तशीच खालीं ठेवली. पंचवीस वर्षांपूर्वीं आमच्या स्वतःच्या कन्येस लिहितां येत असतें, तर तिनें हींच तीन वाक्यें लिहिलीं असतीं.

आमचा विवाह १९९६ सालीं झाला. यजमान पायदळांत शिपाई होते आणि सासर अंबाजोगाई तालुक्यांतील एका कोरडवाहू गांवीं होतें. त्या काळीं बीड शहरास आगगाडी नव्हती. आमच्या भागांतील जवान परळीच्या स्थानकावर जाऊन गाडी धरीत. लग्नानंतर एकविसाव्या दिवशीं आम्ही यजमानांस पोंचविण्यास परळीस गेलों. आंब्याच्या योगेश्वरीची कथा आमच्याकडे लहान मुलांसही ठाऊक असते. परळीच्या वैजनाथाशीं तिचें लग्न ठरलें, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचें झालें आणि देवी आंब्यासच राहिली. परतीच्या एस.टी.मध्यें शेजारीं बसलेली एक म्हातारी आमच्या हातांतील हिरव्या चुड्याकडे पाहून म्हणाली, ‘‘मिलिटरीवाल्याची का गं? मग आंब्याची जोगाईच झालीस म्हण की.’’ तिच्या बोलण्यांत दुष्टावा नव्हता. तरी घर येईपर्यंत आम्ही खिडकीबाहेरच पाहत बसलों.

सासूबाई मोठ्या प्रेमळ होत्या, परंतु त्यांचा एक नियम फार कडक होता. घरचें दुःख जवानास कळवावयाचें नाहीं. ‘‘तिकडं त्याच्या हातात बंदूक असती. त्याच्या जीवाला घोर लावू नगंस,’’ असें त्या म्हणत. हा नियम आम्हांसही पटला. किंबहुना तो पाळण्यांत आपण कांहीं त्याग करीत आहों, असा एक गोड अभिमानही वाटे, हें कबूल केलें पाहिजे. दर पंधरा दिवसांनीं निळें आंतर्देशीय पत्र घ्यावें, त्यावर यजमानांचा क्रमांक, पलटणीचें नांव आणि ‘५६ ए.पी.ओ.’ इतकाच, गांवाचा मागमूस नसलेला पत्ता लिहावा, आणि आंत आरंभ करावा, ‘इकडील सर्व कुशल.’ विहीर आटली तेव्हां इकडील सर्व कुशल होतें. सर्जा बैल विकला तेव्हांही कुशलच होतें. सासूबाईंच्या पायाची जखम भरेना, तपासणींत मधुमेह निघाला, त्या आठवड्याच्या पत्रांतही कुशलांत अंतर पडलें नाहीं. यजमानांकडूनही तोच मजकूर येई, ‘मी मजेंत आहें, हवा थंड आहे.’ १९९९ च्या मे महिन्यांत कारगिलचें युद्ध सुरू झालें. गांवांत ज्यांच्या घरीं दूरदर्शन होतें त्यांच्या ओसरीवर रोज सायंकाळीं सारा गांव लोटे. आम्ही मात्र मुलीस पोटाशीं धरून दाराच्या आडून ऐकत असूं. २६ जुलै रोजीं तें युद्ध संपलें. त्या अवधींत यजमानांचीं दोन पत्रें आलीं. दोहोंतही हवा थंडच होती.

दिवाळीच्या सुमारास, मागील सुटीनंतर चौदा महिन्यांनीं, ते घरीं आले. दोन वर्षांची मुलगी आमच्या पदरामागें दडली आणि त्यांस ‘मामा’ म्हणाली. त्यावर सर्व हंसले, तेही हंसले. मग ते गोठ्याकडे गेले. दावणीस एकच बैल होता. तेथून ते विहिरीकडे गेले. परत आल्यावर आईच्या पायाची पट्टी त्यांनीं स्वतः सोडून पाहिली. आम्ही रागाची वाट पाहत होतों, पण राग आला नाहीं. रात्रीं इतकेंच म्हणाले, ‘‘तू लिहिलेल्या घरात मी चौदा महिने राहत होतो. ते घर तर इथं नाहीच.’’ पुढील आठ दिवस ते पाहुण्यासारखे विचारून पाणी घेत आणि विचारून बाहेर जात. घरांत सगळे हळू बोलूं लागले. या मुलीच्या निबंधांतील दुसरें वाक्य आम्हांस झोंबलें तें या कारणानें.

पुढें शिक्षिका झाल्यावर वाचतां वाचतां एक गोष्ट कळली, ती येथें सांगावीशी वाटते. आपलें अंबाजोगाई पूर्वीं मोमिनाबाद या नांवानें ओळखलें जाई, आणि निजामाच्या राज्यांतील हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची तेथें छावणी होती. १९०३ सालीं कंटिंजंटचा स्वतंत्र कारभार मोडून तिचे रिसाले हिंदुस्थानच्या सैन्यांत सामील करण्यांत आले. त्यांतलाच एक रिसाला ‘डेक्कन हॉर्स’ या नांवानें पहिल्या महायुद्धांत फ्रान्सला गेला व १४ जुलै १९१६ रोजीं सोमच्या लढाईंत हाय वुड नांवाच्या रानापाशीं भाले घेऊन शत्रूवर चालून गेला. त्या युद्धांत फ्रान्समधील हिंदी शिपायांचीं पत्रें तपासण्यासाठीं निराळे अधिकारी नेमले होते. त्या पत्रांचे भाषांतरित उतारे लंडनमध्यें अद्याप जपून ठेवलेले आहेत. आपलें पत्र वाचलें जातें हें शिपायांस ठाऊक असे, म्हणून कोणी खुणेनें लिहीत: काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि तांबडी मिरची म्हणजे गोरे. कोणाचा साठा संपत आला, हें घरच्यांनीं त्यावरून ओळखावयाचें. शिवाय कित्येकांस लिहितां येत नसे. पत्र दुसऱ्यानें लिहावयाचें, तिसऱ्यानें तपासावयाचें आणि गांवांत चौथ्यानें मोठ्यानें वाचून दाखवावयाचें. इतक्यांच्या हातून बायकोपर्यंत पोंचणाऱ्या पत्रांत ‘सर्व कुशल’ याहून अधिक काय मावणार? त्या बिचाऱ्यांचा नाइलाज होता. आमच्यावर कोणता सेन्सॉर बसला होता?

तसें पाहिलें तर आपल्या जिल्ह्यास वियोग नवा नाहीं. दसरा-दिवाळी उरकली कीं कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. मागें म्हातारीं माणसें आणि लेकरें राहतात. नवराबायकोच्या जोडीस त्या धंद्यांत ‘एक कोयता’ म्हणतात. आमच्या शेजारची अशीच एक बाई एकदां म्हणाली, ‘‘तुमचं बरं हाय बाई, महिन्याला पगार येतो. पर आमचं भांडण तरी रोजचं रोज मिटतं.’’ हें वाक्य आम्हीं जसेंच्या तसें यजमानांस लिहून पाठविलें. त्यांच्या उत्तरांत प्रथमच हवेचा उल्लेख नव्हता.

कारण त्या सुटीच्या शेवटीं आम्ही उभयतांनीं एक करार केला होता. पलटण कोठें आहे, केव्हां हलणार, हें आम्हीं विचारावयाचें नाहीं आणि त्यांनीं सांगावयाचें नाहीं. चुकून कळलेंच तर तें जिभेवर आणावयाचें नाहीं. (आज मोबाइलच्या गटांत नवऱ्याचा गणवेशांतील फोटो आणि निघण्याची तारीख मोठ्या कौतुकानें टाकणाऱ्या आमच्या भगिनींनीं हें कलम दोनदां वाचावें.) परंतु प्रकृति, पैसा, भांडण आणि भीति यांविषयीं दोघांनींही खोटें लिहावयाचें नाहीं. वाईट बातमी लिहितांना काय झालें, त्यावर आम्हीं काय केलें आणि त्यांच्याकडून काय हवें, हीं तिन्ही लिहावयाचीं. हें शेवटचें कलम त्यांचें. ‘‘अर्धी बातमी पहाऱ्यावर फार छळते,’’ असें ते म्हणाले. आपण न कळविल्यानें जवान निश्चिंत राहतो, ही आम्हां बायकांची समजूत खोटी आहे. घरून कांहीं कळत नाहीं असें त्यास वाटूं लागलें, कीं तो आहे त्याहून वाईट तें मनाशीं रचूं लागतो.

कराराची परीक्षा लवकरच झाली. १३ डिसेंबर २००१ रोजीं संसदेवर हल्ला झाला आणि सैन्य सीमेवर गेलें. यजमान सुटीवर येऊन दहाच दिवस झाले होते. तार आली आणि त्याच रात्रीं त्यांनीं परळी गांठली. सैन्य दहा महिने सीमेवर होतें. त्या उन्हाळ्यांत सासूबाईंचे मूत्रपिंड निकामी होऊं लागले. भावकींतील वडीलधारी मंडळी म्हणाली, आतां कळवूं नका, त्यास येतां तर येणार नाहीं. दोन रात्री आम्ही कोरें पत्र समोर ठेवून बसलों. तिसऱ्या दिवशीं डॉक्टरांचे शब्द, औषधांचा खर्च, कोणाकडून किती उसने घेतले, सर्व लिहिलें. आणि काय हवें त्या जागीं लिहिलें, ‘आईस पत्र पाठवा.’ सुटी मिळण्यासारखी ती वेळ नव्हती. पत्र मात्र आलें, चार पानांचें, प्रथमच सासूबाईंच्या नांवें. लहानपणीं शिंक्यावरचा गूळ कसा चोरला, चोरी धाकट्या भावावर कशी ढकलली, इथपासून आरंभ होता. आम्हीं तें दोन दिवस थोडें थोडें वाचून दाखविलें. गुळाचा भाग त्यांनीं तीनदां वाचावयास लाविला. पत्र उशाखालीं ठेववून त्या म्हणाल्या, ‘‘कळवलंस ते बरं केलंस.’’ पुढें अकराव्या दिवशीं त्या गेल्या.

आतां कागदपत्रांविषयीं थोडें, कारण न सांगण्याची खोड तेथेंही घात करते. आपल्याकडे लग्नांत मुलीचें नांवच बदलतें. जवानाच्या सेवापुस्तकांत पत्नीचें नांव लागावयाचें तर लग्नाची नोंद पलटणीच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्यें प्रसिद्ध व्हावी लागते, मुलांच्या जन्माचेंही तसेंच. पुष्कळदां तेथें माहेरचें नांव असतें, बँकेंत सासरचें आणि आधारपत्रावर तिसरेंच. आमच्या ओळखीच्या एका भगिनीचे यजमान अकस्मात् निवर्तले. एका अक्षराच्या फरकापायीं तिचें कुटुंबनिवृत्तिवेतन कित्येक महिने अडून राहिलें. लग्नानंतर नोंद झाली का, हें तिनें नवऱ्यास कधीं विचारलेंच नव्हतें. नवऱ्याच्या हयातींत असला प्रश्न अशुभ वाटतो, हें आम्ही जाणतों. आम्हांसही वाटला होता. तरी विचारावा. नोंदींत आपलें नांव कसें लिहिलें आहे, विम्यास वारस कोण लाविला आहे, बँकेचें खातें दोघांच्या नांवें आहे का, हें सुटीच्या पहिल्या आठवड्यांतच पाहून घ्यावें. शेवटच्या आठवड्यांत कोणाचें लक्ष लागत नाहीं. अडलें तर बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत जावें. सैनिकांच्या पत्नींची ‘आवा’ ही संस्थाही १९६६ पासून काम करीत आहे.

सभांतून वीरपत्नींचा गौरव होतो तो योग्यच. साताऱ्याकडील कर्नल संतोष महाडिक यांस नोव्हेंबर २०१५ मध्यें काश्मिरांत वीरमरण आलें. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ सालीं स्वतः सैन्यांत अधिकारी झाल्या. त्यांच्यापुढें आम्ही नतमस्तक आहों. तथापि ज्याचा नवरा जिवंत आहे, जी गॅसच्या टाकीपासून मुलाच्या शाळेच्या सभेपर्यंत सारें एकटी ओढते, तिच्यासाठीं आपल्या भाषेंत एखादा शब्द नाहीं, हें चमत्कारिक खरें.

यजमान २०१३ सालीं हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यानंतरच्या पहिल्या वर्षाची हकीकत स्वतंत्र लेखाचा विषय आहे. रात्रीं दहास दिवे बंद, चादरीची घडी चौकोनी, आणि कपाटाच्या किल्ल्या कोणाच्या कमरेस, यावर आमच्या घरांत जितकीं युद्धें झालीं तितकीं सीमेवरही झालीं नसतील. तीं मात्र मोठ्या आवाजांत झालीं. आमची मुलगी तेव्हां सोळा वर्षांची होती. ती मध्यें पडून दोघांसही गप्प करी.

असो. त्या सातवीच्या मुलीच्या आईस आम्हीं शाळेंत बोलाविलें. बिचारी आधींच घाबरलेली. मुलगी गणितांत नापास झाल्याचें वडिलांस कळवूं नका, असें तिनें बसण्यापूर्वींच विनविलें. ‘‘रोज फोन होतो हो बाई. चेहरासुद्धा दिसतो. पण ‘बरं आहे ना’, ‘बरं आहे’, एवढंच होतं,’’ ती म्हणाली. आंतर्देशीय पत्रावर ‘सर्व कुशल’ लिहावयास आम्हांस निदान दौत-लेखणी घेऊन बसावें लागे. आतां तें दोन क्षणांत होतें. आम्हीं तिला आमच्या सर्जा बैलाची गोष्ट सांगितली. मग तीन वाक्यांच्या त्या निबंधाची नक्कल तिच्या हातीं दिली आणि ती गणिताच्या उत्तरपत्रिकेसह डाकेनें धाडावी, फोनवर वाचून दाखवूं नये, असें सुचविलें. फोनवर उत्तर लगेच द्यावें लागतें. पत्र पहाऱ्यावरून येऊन पुन्हां वाचतां येतें.

शाळेच्या सकाळच्या उपासनेंत सैनिकांसाठीं प्रार्थना होते, तेव्हां ही मुलगी डोळे फार घट्ट मिटते, हें आम्हीं पूर्वींही पाहिलें होतें. महिनाभर आम्ही तिला कांहीं विचारलें नाहीं. मग एके दिवशीं मधल्या सुटींत ती एक जाड लिफाफा घेऊन आली. आंत वडिलांचें पत्र होतें, तें तिनें दाखविलें नाहीं, आम्हींही मागितलें नाहीं. उत्तरपत्रिका मात्र दाखविली. चुकलेलीं चार उदाहरणें वडिलांनीं मागील कोऱ्या बाजूवर पायरी पायरीनें सोडवून पाठविलीं होतीं. निबंधाच्या नकलेवरही निळ्या शाईनें शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखविल्या होत्या. त्यांपैकीं एक आमच्या नजरेंतून सुटली होती.