षड्ज जागेवर हवा

नवीन रेकॉर्डिंग ऐकायला घेण्याआधी मी काळी एकच्या तानपुऱ्याची एक फाइल लावतो आणि षड्ज ट्यूनरवर तपासतो. सीडीवरून उतरवलेल्या फाइलीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. सुरुवातीच्या डिजिटल मास्टर टेप व्हिडिओ रेकॉर्डरवर निघत; पडद्याच्या २४५ ओळी, दर ओळीत ३ नमुने आणि सेकंदाला ६० फील्ड, असा तो आकडा आला. व्हिडिओच्या आवाजाचा दर मात्र ४८,०००. ड्रायव्हरचा घोळ होऊन सीडीची फाइल तशीच ४८,०००ने वाजली, तर गाणं जवळजवळ नऊ टक्के पळतं आणि काळी एकचा षड्ज पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये जाऊन बसतो. हा दोष निदान कानाला कळतो.

एरवीचा बदल गुपचूप होतो. विंडोजमध्ये सगळे आवाज एकाच मिक्सरमधून जातात आणि त्याचा दर आधीच ठरलेला असतो, बऱ्याच संगणकांवर ४८,०००. मग सीडीच्या दर १४७ नमुन्यांच्या जागी १६० नवे नमुने काढले जातात. हे गणित आता इतकं नीट होतं, की फरक ऐकून ओळखता येतो असं मी म्हणणार नाही. माझा खरा राग ‘एन्हान्समेंट्स’वर आहे. त्यातलं लाउडनेस इक्वलायझेशन चालू राहिलं, तर विलंबित ख्यालात मंद्रातली दबलेली आस आणि तारसप्तकातली पुकार एकाच जोराने कानावर येतात. गायकाने जाणून राखलेलं अंतरच नाहीसं होतं. ते सगळ्यात आधी बंद करावं.

मग साउंडच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये एक्सक्लुझिव्ह कंट्रोलला परवानगी द्यायची आणि प्लेअरमध्ये आउटपुट म्हणून ‘वासापी एक्सक्लुझिव्ह’ निवडायचं. मिक्सर वाटेतून दूर होतो, डॅक, म्हणजे नमुन्यांचा पुन्हा आवाज करणारा भाग, फाइलीच्याच दराने चालतो. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये दर हाताने निवडता येतो.

बफर, म्हणजे वाजण्याआधी नमुने साठवून ठेवायची जागा, ऐकताना मोठाच बरा. १,०२४ नमुने म्हणजे सीडीच्या दराने जेमतेम २३ मिलिसेकंद. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये तेवढा उशीरही खटकतो, ऐकणाऱ्याला त्याचं काही नाही. फार लहान ठेवला, की संगणक दुसऱ्या कामात गुंतला रे गुंतला, मध्येच चट् आवाज येतो.

सगळं १,९२,०००वर ठेवलं तर आवाज सुधारेल का, असं पुष्कळजण विचारतात. सीडीच्या फाइलीत जे टिपलेलंच नाही, ते दर वाढवून येत नाही. जुनी तबकडी ९६,०००ने उतरवलेली असेल तर ती ९६,०००नेच ऐकावी.