तालमीतला फुटबॉल

नातवाशी बोलताना मी आधी अभ्यासाचं विचारतो. छत्तीस वर्षं शाळेत घालवल्यावर ही सवय जात नाही. मध्यंतरी लेकीकडे कोल्हापूरला गेलो होतो. मार्च महिना, परीक्षा तोंडावर, आणि हा नववीतला पठ्ठ्या चार वाजताच बूट घालून दारात उभा. म्हणाला, "आजोबा, आज तालमीची मॅच हाय. चला की!"

तालीम म्हटली की आमच्या वऱ्हाडातल्या माणसाच्या डोळ्यासमोर आखाड्याची लाल माती, लंगोट आणि भिंतीवरचा मारुती येतो. त्यात गाव कोल्हापूर. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागेचं कुस्ती मैदान तिथलंच. मी मनात म्हटलं, चला, कुस्ती बघू. अभ्यास बुडतोय तर निदान काही चांगलं तरी बघून बुडू दे. गेलो तर काय, शाहू स्टेडियम, खच्चून भरलेली गॅलरी, हलगी-ताशांचा गजर, आणि मैदानात बावीस जण फुटबॉलच्या मागे धावताहेत!

तेव्हा कळलं की कोल्हापुरात फुटबॉलच्या संघांनाही 'तालीम' म्हणतात. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. नावं ऐकून कोणाला वाटावं, गणपती बसवणारी मंडळं असतील. तर तेही खरंच आहे. जी तालीम गणपती बसवते, तीच फुटबॉलचा संघ उतरवते. आधी पेठेतल्या पोरांनी अंग कमवावं म्हणून तालीम, मग तिच्यात उत्सव आला आणि मग फुटबॉल आला. जुन्या घराला माणसं वाढली की पडवीला खोली काढतात, तसं झालं.

हा साहेबांचा खेळ कोल्हापुरात रुजवण्याचं श्रेय तिथले लोक राजघराण्याला देतात. शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी यांना या खेळाची आवड होती. ते १९१८ साली शिकारीच्या अपघातात गेले, ऐन विशीच्या आत. थोरले राजाराम महाराज १९२२ साली गादीवर आले. त्यांनी १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन केली. सगळे तिला 'केएसए' म्हणतात. तिची लीग आजही चालते. लीग आटोपली की वेगवेगळ्या चषकांच्या स्पर्धा लागतात, आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत अख्खं शहर फुटबॉलच्या नादात असतं. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातली चुरस तर सासू-सुनेसारखी, कधी न संपणारी.

मला स्वतःला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे नातवाने तीनदा समजावलं, तरी मी आपला नापासच. पण माझं लक्ष खेळापेक्षा गॅलरीकडे जास्त होतं. माझ्या पलीकडे माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. डोक्याला टोपी, हातात पिशवी. पिशवीत भाजी होती, म्हणजे बाजारातून परस्पर आलेले. मी विचारलं, "तुमचं कोणी खेळतंय का?" ते म्हणाले, "सगळीच आमची की ओ." मग सांगू लागले. एकेकाळी स्वतः खेळले, मग मुलगा खेळला. तालमीच्या इमारतीचं काम निघालं तेव्हा घराघरातून वर्गणी निघाली. कोणी पैसे दिले, कोणी विटा दिल्या, ज्याच्याकडे काही नव्हतं त्याने हाताने माती ओढली. "एक वीट आमची बी हाय त्यात," असं ते म्हणाले आणि पुन्हा ओरडायला लागले.

ती वीट काही माझ्या डोक्यातून जाईना. घरी आल्यावर जावईबापूंच्या कॉम्प्युटरवर बसून थोडं वाचन केलं. आपल्या महाराष्ट्रात मोठ्या पैशाचे फुटबॉल क्लब काही कमी निघाले नाहीत. मुंबईचा महिंद्रा युनायटेड १९६२ पासूनचा, २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकलेला. २०१० साली तो बंद झाला. पुणे एफसी आणि मुंबई एफसी, दोन्ही २००७ साली निघाले. चांगले खेळले, आणि दशकभरात मोठ्या फुटबॉलमधून दोघंही दिसेनासे झाले. पैसा होता, मैदान होतं, परदेशी प्रशिक्षक होते. मालकाने हिशेब केला, परवडत नाही म्हणाला, संपलं. यात मालकाचं चुकलं असं मी म्हणत नाही. दुकान त्याचं, कुलूपही त्याचं. पण पाटाकडील तालमीला कुलूप लावायचं म्हटलं, तर ते लावणार कोण?

वाचता वाचता पार हंगेरीपर्यंत पोचलो. (निवृत्त माणसाला वेळ फार!) बुडापेस्टच्या कडेला किश्पेश्त नावाची वस्ती आहे. नावाचा अर्थ 'धाकटं पेश्त'. मी आपला त्याला 'धाकटी पेठ' म्हणतो. तिथल्या लोकांनी १९०९ साली आपला फुटबॉल क्लब काढला. तिथेच पुश्काश आणि बोझिक ही शेजार-शेजारची दोन पोरं लहानाची मोठी झाली आणि क्लबकडून खेळू लागली. १९४९ साली सरकारने तो क्लब सैन्याच्या ताब्यात दिला, नाव बदलून 'होनव्हेद' ठेवलं आणि देशभरातले उत्तम खेळाडू तिथे आणले. संघ असा झाला की १९५२ साली हेलसिंकीला हंगेरीने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, त्यात याच क्लबचे गडी पुढे. आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं तेही याच हेलसिंकीला. खाशाबांना तिथवर पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. एकीकडे अख्खं सरकार पाठीशी, दुसरीकडे एका मास्तराचं घर!

पुढे १९५६ साली हंगेरीत उठाव झाला. तो रशियन रणगाड्यांनी चिरडला तेव्हा होनव्हेदचा संघ परदेशी होता. पुश्काश, कोचिश, झिबोर परतलेच नाहीत. सरकारने उभा केलेला तो सोन्यासारखा संघ एका हिवाळ्यात विखुरला. क्लब मात्र बुडाला नाही. राजवट बदलल्यावर १९९१ साली 'किश्पेश्त' हे जुनं नावही काही वर्षं परत लागलं. आज कागदावर ते नाही, पण मैदान अजून त्याच वस्तीत आहे. बोझिकच्या नावाचं.

हे सगळं मी का सांगतोय? तर एक जुनी गोष्ट बोचते म्हणून.

१९८०च्या सुमारास आमच्या शिरपुरात शाळेतल्या काही पोरांना घेऊन मी कबड्डीचं मंडळ काढलं होतं. महिन्याला घरटी दोन रुपये वर्गणी. संध्याकाळी पोरं स्वतः मैदान झाडायची, पाणी मारायची. दहा-बारा वर्षं बरं चाललं. मग एक पुढारी आले. गणवेश देतो म्हणाले, ढाल देतो, स्पर्धा भरवतो, फक्त मंडळाला आमच्या वडिलांचं नाव द्या. पोरांची चुळबुळ झाली. अध्यक्ष मी. मी म्हटलं, नावात काय आहे, पोरांना बूट तर मिळतील. बूट मिळाले. वर्गणी बंद केली, आता कशाला लागते म्हणून. पुढे निवडणुकीत ते पडले, पैसा थांबला. पुन्हा वर्गणीला निघालो तर प्रत्येक दारात एकच उत्तर, "त्यांचं मंडळ हाय, त्यांनाच मागा." मैदानावर पुढे बाभळी वाढल्या. त्यातला एक खेळाडू आता स्वतः आजोबा झालाय. तो एकदा सहज म्हणाला, "गुर्जी, नाव गेलं तवाच मंडळ गेलं होतं." मी काय बोलणार? पुढाऱ्याचा दोष दाखवणं सोपं आहे, पण सही माझी होती.

'हे कोणाचं' हा प्रश्न आमच्या गावाला नवा नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर याच वादापायी १९८१ साली कुलूपबंद झालं, ते उघडलं २०२३ साली. कोर्टात हक्क सिद्ध करायला एक पिढी जाते. गॅलरीतल्या त्या गृहस्थांना मात्र काही सिद्ध करावं लागत नव्हतं. त्यांची एक वीट होती.

कोल्हापुरात सगळं गोडच आहे असं नव्हे. 'आमची तालीम' म्हणताना हात उचलले जातात, गॅलरीतून दगड-बाटल्या येतात, सामने थांबवावे लागतात. आता तालमींकडून आफ्रिकेतले खेळाडूही पैसे घेऊन खेळतात. पैसा तिथेही शिरलाय, पुढारीही आहेतच. पण पेठेतली पोरंही खेळताहेत. अनिकेत जाधव हा रिक्षाचालकाचा मुलगा कोल्हापूरचाच. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात तो आपल्या देशाकडून खेळला.

असो. परवा आमच्या गल्लीतली चार पोरं दारात आली. व्हॉलीबॉलची जाळी घ्यायची आहे म्हणाली. एकाने हळूच सांगितलं, एक भाऊ सगळा खर्च द्यायला तयार आहेत, फक्त बोर्ड त्यांचा लावायचा. मी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि वर लिहिली ती कबड्डीची गोष्ट सांगितली. ऐकून घेतली त्यांनी. पटली की नाही, कोण जाणे, या वयात जाळी आज हवी असते. मी एक्कावन्न रुपये दिले आणि म्हटलं, पावती द्या. पावतीपुस्तक नव्हतंच. एकाने शाळेच्या वहीचं पान फाडून लिहून दिलं. मंडळाच्या नावाची जागा कोरी ठेवलीय. अजून ठरायचंय म्हणाला.

ते पान मी जपून ठेवलंय.