बेळगाव ते पणजी : चार टायर आणि एक घाट

बेळगाव आणि गोवा यांच्यामध्ये आपल्या कितीतरी घरांची ये-जा असते. कुणाची बहीण साखळीला दिलेली, कुणाचा मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यात, कुणाचं कुलदैवत फोंडा तालुक्यात. बेळगावची भाजी रोज पहाटे घाट उतरून गोव्याच्या बाजारात पोचते, आणि परतीच्या गाड्यांतून नारळ, कोकम, सुकी मासळी वर येते. चोर्ला घाटातून पणजी सुमारे ११० किलोमीटर. आधीच्या पिढीने हे अंतर बसच्या खिडकीतून पाहिलं. आपण ते आपल्या गाडीने कापतो, आणि बहुतेक वेळा मागच्या सीटवर आई-वडील असतात.

गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, रंग निवडतो, स्क्रीन केवढा आहे ते बघतो. टायर मात्र गाडीबरोबर जे येतील ते. खरं म्हणजे धावती गाडी रस्त्याला टेकलेली असते ती फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढं. ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन यांचं सगळं काम शेवटी त्या चार तळहातांमधूनच रस्त्यापर्यंत पोचतं.

मी पणजीत नोकरी करते आणि दर दुसऱ्या शनिवारी बेळगावला येते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत घरच्या हॅचबॅकचे चारही टायर बदलायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आलं. जोडणी आणि बॅलन्सिंग धरून १८ हजारांत बसणारे टायर घेतले. त्याच मापाचा महागातला संच २४ हजारांच्या घरात जात होता. तेव्हापासून गाडी २६ हजार किलोमीटर चालली आहे. त्यात दोन पूर्ण पावसाळे आले. स्वस्तातला टायर कसा पारखायचा, याचा हा हिशोब. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण एकाच कंपनीचे दोन टायरही सारखे नसतात. आपल्या रस्त्यावर टायर कसा बघायचा, हे कळलं की नाव दुकानातही मिळतं.

दुकानात : टायरवर काय लिहिलंय

टायरच्या कडेवरच त्याची कुंडली छापलेली असते. आमच्या टायरवर आहे १६५/८० आर १४ ८५ टी. १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ८० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल, १४ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८५ हा वजनाचा सांकेतिक आकडा. त्याचा अर्थ एक टायर ५१५ किलोपर्यंत भार पेलतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. तो वेग आपल्याला कधीच लागणार नाही, पण कंपनीने गाडीसाठी सांगितलेल्या अक्षराच्या आणि आकड्याच्या खाली जायचं नाही.

त्याच कडेवर चार आकड्यांचा एक छोटा चौकोन असतो. २३२४ असं असेल तर टायर २०२४ च्या २३व्या आठवड्यात तयार झाला. रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होत जातं. सवलतीत मिळणारा टायर पुष्कळदा गोदामात मुरलेला असतो, म्हणून किंमत विचारण्याआधी हा आकडा वाचावा. आयएसआयची खूणही बघून घ्यावी.

‘ऑल सीझन’ हा शब्द मात्र जरा सोलून बघायला हवा. तो आला बर्फाच्या देशांतून. तिथे उन्हाळ्याचं रबर थंडीत, साधारण ७ अंशांच्या खाली, ताठर होतं. म्हणून हिवाळ्याचा टायर वेगळा, आणि दोन्हींत चालेल असा मधला तो ऑल सीझन. काहींवर चिखल आणि बर्फासाठी ‘एम+एस’ ही अक्षरंही असतात. बेळगावच्या थंडीचं आपण कितीही कौतुक केलं तरी इथे बर्फ पडत नाही. आपले सीझन दोनच : तापलेलं डांबर आणि भिजलेलं डांबर. या दोन्हींवर नीट चालेल तो आपला ऑल सीझन. त्या अक्षरांसाठी जास्तीचे पैसे मोजायचं कारण नाही.

‘टूरिंग’ या शब्दाला मात्र अर्थ आहे. आवाज कमी, बसायला मऊ, सरळ रस्त्यावर स्थिर आणि जास्त टिकणारा, असा टायर त्यात अपेक्षित असतो. पण इथेच ओढाताण सुरू होते. कडक रबर जास्त टिकतं, पण ओल्या रस्त्यावर कमी धरतं. मऊ रबर धरतं, पण लवकर झिजतं. चांगल्या मिश्रणात सिलिका घालून कंपन्या हे दोन्ही जुळवायचा प्रयत्न करतात. स्वस्त टायरमध्ये हे कितपत जमलंय, ते रस्त्यावरच कळतं.

पिरनवाडी ते जांबोटी : आवाज आणि खड्डे

पिरनवाडी सोडली की शहर मागे पडतं. कुसमळीला मलप्रभा ओलांडून जांबोटीपर्यंतच्या रस्त्याची तऱ्हा दरवर्षी वेगळी असते. कधी नवा डांबराचा थर, कधी खड्ड्यांची रांगोळी. इथे ८० टक्के उंचीच्या कडेचा फायदा कळतो. जाड कडा खड्ड्याचा दणका स्वतः खाते, रिमपर्यंत जाऊ देत नाही. रुबाबासाठी मोठं रिम आणि पातळ कडेचे टायर घालणाऱ्या तरुण मंडळींनी एकदा हा रस्ता भरल्या गाडीने करून बघावा.

आमचे टायर या तुकड्यावर पास झाले. पहिले १५ हजार किलोमीटर आवाज जवळजवळ नव्हता. नंतर खडबडीत डांबरावर हलकी गुणगुण यायला लागली. टायर पुढचे मागे, मागचे पुढे करून अलाइनमेंट केल्यावर ती बरीच कमी झाली. ही अदलाबदल साधारण ८ ते १० हजार किलोमीटरला करावी, कारण आपल्या बहुतेक गाड्यांत पुढची चाकं ओढतातही आणि वळतातही, त्यामुळे ती लवकर झिजतात.

कणकुंबी : पाणी

जांबोटीच्या पुढे जंगल दाट होत जातं आणि पावसाचा रंग बदलतो. बेळगावात भुरभुर असेल त्या दिवशी कणकुंबीत वायपर पुरत नाही. याच गावात मलप्रभेचा उगम. ते पाणी पूर्वेला कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळतं. इथूनच जवळचा कळसा नाला मात्र पश्चिमेला म्हादईकडे उतरतो, आणि पणजीला पोचल्यावर आपण जिच्यावरचा पूल ओलांडतो ती मांडवी म्हणजे हीच म्हादई. एकाच गावावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो.

त्यातला बराचसा आधी रस्त्यावर साचतो. टायरवरचे खोल चर असतात ते यासाठीच : चाकाखालचं पाणी उचलून बाजूला फेकायचं. चर झिजले की पाणी जायला वाट उरत नाही. वेग जास्त असला तर टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. नव्या टायरचे चर साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असतात; आमचे साडेसात होते. चरांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की खोली १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं. ही कायद्याची शेवटची हद्द.

पहिल्या पावसाळ्यात आमचे टायर साचलेल्या पाण्यातून बिनघोर गेले. दुसऱ्या पावसाळ्यात, पाच मिलिमीटरच्या आसपास असताना, तेच पाणी मी ताशी ४० च्या खाली येऊन पार करत होते. टायर बिघडले नव्हते, त्यांची कुवत कमी होत होती. हा फरक कोरड्या रस्त्यावर अजिबात कळत नाही, आणि धोका त्यातच आहे.

चोर्ला ते केरी : उतार

घाटमाथा ओलांडला की टायरचं काम बदलतं. इथवर ते गाडी ओढत होते, आता धरून ठेवायची असते. एका बाजूला दरी, धुकं, डांबरावर पडलेली ओली पानं, सावलीतल्या वळणांवर शेवाळ. पहिल्या वळवाच्या सरीनंतर तर जास्त सांभाळावं लागतं, कारण उन्हाळाभर साठलेली धूळ आणि तेल वर येऊन रस्ता साबणासारखा होतो.

कणकुंबीच्या चहाच्या टपरीवर भाजीच्या पिकअपचे एक ड्रायव्हरमामा भेटतात. आठवड्यातून सहा दिवस घाट उतरणारा माणूस. त्यांचं म्हणणं एवढंच : “बाई, चढायला इंजिन लागतं, उतरायला टायर. दुसरा गिअर सोडायचा नाही आणि टायर टकला होऊ द्यायचा नाही.” दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी आवरतं, त्यामुळे ब्रेक आणि टायर दोन्ही अचानक लागणाऱ्या क्षणासाठी शिल्लक राहतात.

ओल्या उतारावर थांबायचं अंतर हा माझ्या हिशोबात सगळ्यात मोठा गुण. आमचे टायर इथे ठीक ठरले, उत्तम नाही. गाडीत मी एकटी असताना पकड चांगली. चार माणसं आणि सामान असताना तीव्र वळणावर पुढची चाकं किंचित बाहेर सरकू पाहतात. वेग कमी ठेवला की प्रश्न येत नाही. २४ हजारांच्या संचाने इथे कदाचित थोडा जास्त विश्वास दिला असता. पण झिजलेल्या महाग टायरपेक्षा चर शाबूत असलेला स्वस्त टायर पाण्यात बरा.

साखळीच्या पुढे : माती आणि ऊन

केरीला उतरलं की हवा जड होते. साखळी-डिचोलीचा हा खाणपट्टा. पावसात कडेची तांबडी माती रस्त्यावर येते. बारीक चरांत ती भरून बसली की थोडा वेळ टायर गुळगुळीतच. पुढे अस्नोडा, म्हापसा करत पर्वरीकडे जाताना वेग वाढतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत डांबर भाजून निघतं. उन्हात टायरचा खरा शत्रू म्हणजे कमी हवा. हवा कमी असली की कडा जास्त वाकते, आतून तापते आणि फुटू शकते. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. भरल्या गाडीसाठी तो बहुधा वेगळा दिलेला असतो. हवा मोजायची ती टायर थंड असताना, स्टेपनीसकट.

२८ रुपये

आमच्या घरी वाद झाला तो टायर कधी बदलायचे यावर. बाबांचं म्हणणं, टायर म्हणजे काय चपला आहेत, नक्षी दिसतेय तोवर चालवायचे. माझं म्हणणं, घाटात पावसाळा काढायचा तर ३ मिलिमीटरच्या खाली जायचं नाही. शेवटी कागद घेतला.

२६ हजार किलोमीटरमध्ये चर साडेसातवरून चारवर आले. झीज अशीच राहिली तर ३ मिलिमीटरला टायर सुमारे ३३ हजार किलोमीटरवर पोचतील, आणि १.६ ला सुमारे ४४ हजारांवर. १८ हजार रुपयांना भागलं तर लवकर बदलल्यास किलोमीटरला ५४ पैसे पडतात, शेवटपर्यंत ओढल्यास ४१. फरक १३ पैशांचा. बेळगाव-पणजी-बेळगाव अशा २२० किलोमीटरच्या फेरीला तो होतो सुमारे २८ रुपये.

बाबांनी चष्मा काढून कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, “तुझी आई मागे बसलेली असते. एवढे तर कणकुंबीला चहाला जातात.”

पैसे कमी असतील आणि दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे टायर मागे घालावेत. आपल्याकडे ते पुढे घालायची पद्धत आहे, पण ओल्या वळणावर मागची चाकं घसरली तर गाडी फिरते, आणि ती आवरणं पुढची चाकं घसरण्यापेक्षा अवघड असतं.

तर मंडळी, आपापल्या गाडीचे टायर मृग लागायच्या आधी एकदा बघाच : चार आकडी तारीख, चरांची खोली, थंड टायरची हवा. खोली मोजायचं साधं मापक टायरच्या दुकानात मिळतं. गाडी इंदूरची असो, बडोद्याची असो की हैदराबादची, पहिल्या पावसात रस्ता सगळीकडे सारखाच घसरतो.

आमच्या टायरची दोन वर्षं या दिवाळीला भरली. महिन्याला हजार-अकराशे किलोमीटर धरले तर पुढच्या मृगाच्या तोंडावर ते ३ मिलिमीटरला येतील. बाबांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आताच ‘टायर’ लिहून ठेवलंय. पुढचा संचही याच किमतीतला घेणार आहोत.